जुना साधा डिजिटल कॅमेरा वापरायचा तर: आधी सेल, मग कार्ड, मग फोटो

१९९७ ते २००६ या काळातला एखादा साधा डिजिटल कॅमेरा हाती आला की बहुतेकजण पहिल्यांदा विचारतात, किती मेगापिक्सेलचा? हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा. आधी विचारायचं ते हे: याला सेल कुठले लागतात, कार्ड कुठलं लागतं आणि काढलेले फोटो बाहेर कसे काढायचे? तिन्हींची उत्तरं मिळाली तर दोन मेगापिक्सेलचा कॅमेराही मजेत वापरता येतो. एकाचं जरी अडलं, तरी पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा नुसता शोभेला उरतो.

इथे बोलतोय ते खिशात किंवा छोट्या पिशवीत मावणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल. एक ते पाच मेगापिक्सेल, न बदलणारी लेन्स, जेमतेम झूम, इवलासा फ्लॅश आणि मागे दीड-दोन इंचांची स्क्रीन. कॅननचा ईओएस ३००डी २००३ मध्ये आला आणि लेन्स बदलता येणारे डिजिटल कॅमेरेही हौशी लोकांच्या आवाक्यात आले. पण तो प्रकार वेगळा, त्याच्या वाटेला इथे जात नाही.

१. कॅमेरा उलटा करा

तळाशी मॉडेलचं पूर्ण नाव छापलेलं असतं. समोरच्या बाजूला ठसठशीत लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा मालिकेचं नाव असतं, आणि एकाच मालिकेतल्या दोन भावंडांना वेगवेगळी कार्डं लागतात. कॅननच्या पॉवरशॉट ए मालिकेतलाच २००३ चा ए७० घ्या: त्याला चार सेल आणि कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लागतं. २००५ च्या ए५२० ला दोन सेल आणि एसडी कार्ड. म्हणून नाव तंतोतंत लिहून घ्या आणि त्या नावाची माहितीपुस्तिका इंटरनेटवर शोधा. जुन्या कॅमेऱ्यांच्या पुस्तिका अजून बऱ्यापैकी सापडतात. सगळी वाचायची गरज नाही. शेवटच्या पानांवरचा तांत्रिक तपशिलांचा तक्ता पाहा, तिथे सेल, कार्ड आणि केबल या तिन्हींची नोंद असते.

कॅमेरा अजून विकत घ्यायचा असेल, तर हे सगळं घेण्याआधीच करा. दुर्मिळ कार्ड आणि कंपनीचाच खास चार्जर शोधायची वेळ आली, तर नाकापेक्षा मोती जड होतो. नवख्याने डोळे झाकून निवडायचं असेल, तर पेन्सिल सेलवर चालणारा आणि एसडी कार्ड घेणारा कॅमेरा निवडावा. ब्रँड कुठलाही चालेल.

२. सेल

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात आणि दोष कॅमेऱ्याला देतात.

त्या काळातले बरेच साधे कॅमेरे दोन किंवा चार एए सेलवर, म्हणजे आपल्या पेन्सिल सेलवर चालतात. भिंतीवरच्या घड्याळातले साधे झिंक-कार्बनचे सेल यात घालू नका. कॅमेरा चालू होताना लेन्स बाहेर सरकते, स्क्रीन उजळते, फ्लॅश चार्ज व्हायला लागतो. या सगळ्याला एका दमात बराच विद्युतप्रवाह लागतो आणि तो देणं या सेलच्या कुवतीबाहेरचं असतं. लेन्स अर्धवट बाहेर येते, एखादा दिवा लुकलुकतो आणि कॅमेरा मान टाकतो. विकणाऱ्याने ‘चालू होत नाही’ म्हणून कमी किमतीत काढलेल्या कॅमेऱ्यांपैकी काहींचा रोग एवढाच असतो.

अल्कलाइन सेल चालतात, पण फार वेळ नाही. जास्त प्रवाह ओढला की त्यांचं व्होल्टेज खाली येतं आणि कॅमेरा ‘सेल संपले’ असं दाखवतो. तेच सेल काढून रिमोटमध्ये घातले तर महिनोन् महिने चालतात. म्हणजे सेल संपलेला नसतो, त्याला कॅमेऱ्याची भूक झेपत नसते.

खरा उपाय म्हणजे रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल. त्यांच्यावर १.५ ऐवजी १.२ व्होल्ट लिहिलेलं पाहून बिचकू नका, भार पडला तरी त्यांचं व्होल्टेज टिकून राहतं. या सेलचे जुने प्रकार नुसते पडून राहिले तरी काही आठवड्यांत उतरायचे. २००५ च्या शेवटी सान्योने एनेलूप सेल आणले आणि ही अडचण बरीच मिटली. आता तसेच, आधीच चार्ज करून विकले जाणारे सेल इतर कंपन्यांचेही मिळतात. तेच घ्या. दोन जोड्या ठेवा, म्हणजे एक कॅमेऱ्यात आणि एक भरून तयार. चार्जर प्रत्येक सेल वेगळा तपासून भरणारा असावा. जुना आणि नवा सेल एकाच जोडीत घालू नका. मेनूमध्ये ‘सेलचा प्रकार’ असा पर्याय असेल, तर तिथे निकेल-मेटल हायड्राइड निवडा, नाहीतर कॅमेरा सेल भरलेले असतानाही ‘संपत आले’ म्हणून कटकट करतो.

कॅमेऱ्याला स्वतःची चपटी लिथियम-आयन बॅटरी असेल, तर तिच्यावरचा क्रमांक पाहून नवीन मिळते का ते शोधा. लोकप्रिय प्रकारांसाठी इतर कंपन्यांच्या बॅटऱ्या मिळतात. जुनी बॅटरी फुगलेली दिसली, तर ती चार्ज करून पाहण्याचा मोह नको.

सेलच्या कप्प्यात पांढरट किंवा हिरवट-निळं काही साचलेलं असेल, तर मागच्या मालकाने अल्कलाइन सेल आत तसेच विसरले होते असं समजा. गळलेलं द्रव्य अल्कधर्मी असतं, त्यामुळे कापसाच्या काडीवर व्हिनेगरचे एकदोन थेंब घेऊन पुसलं की निघतं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण कोरडं होऊ द्या. धातूच्या पट्ट्यांवर नुसता काळपटपणा असेल तर पेन्सिलचा खोडरबर पुरतो. मात्र कॅमेरा उघडायच्या भानगडीत पडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, सुमारे ३०० व्होल्टचा भार साठतो आणि सेल काढल्यावरही तो बराच वेळ टिकू शकतो.

३. कार्ड

आज कार्ड म्हटलं की एसडी. त्या काळी प्रत्येक घराण्याचं वेगळं कार्ड होतं.

एसडी कार्ड घेणारा कॅमेरा असेल तर नशीब चांगलं, पण एक मेख आहे. मूळ एसडीची मर्यादा २ जीबी. त्यापुढच्या, ४ ते ३२ जीबीच्या कार्डांचं नाव एसडीएचसी आणि ती २००६ मध्ये आली. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, खाचेत बसतातही, पण त्याआधीचा कॅमेरा एसडीएचसी ओळखत नाही आणि ‘कार्ड खराब आहे’ असं सांगतो. कार्ड चांगलंच असतं. २ जीबी किंवा त्याहून लहान कार्ड घाला. तेवढ्याच क्षमतेचं मायक्रोएसडी कार्ड अडॅप्टरमध्ये घालूनही सहसा काम होतं. दोन मेगापिक्सेलचा चांगल्या दर्जाचा फोटो साधारण १ एमबीच्या आसपास असतो, म्हणजे २ जीबी सुद्धा भरता भरत नाही.

कॉम्पॅक्टफ्लॅश हे जाड, मजबूत, चौकोनी कार्ड १९९४ मध्ये सॅनडिस्कने आणलं. ही कार्डं नव्यानेही मिळतात, पण खूप मोठ्या क्षमतेचं कार्ड जुन्या कॅमेऱ्याला वाचता येईलच असं नाही, म्हणून इथेही २ जीबीच्या आत राहा. आणखी जुन्या, १९९० च्या दशकातल्या कॅमेऱ्यात १२८ किंवा २५६ एमबीचं कार्ड जास्त भरवशाचं. घालताना दिशा पाहा आणि जोर लावू नका. आत पन्नास बारीक पिना असतात, त्यातली एक वाकली तरी कार्ड वाचायचं बंद होतं. एसडी कार्ड कॉम्पॅक्टफ्लॅशच्या खाचेत बसवणारे अडॅप्टर मिळतात, पण त्यातले अनेक ५ मिमी जाडीचे असतात आणि साध्या कॅमेऱ्याच्या खाचेत ३.३ मिमीच मावतात. मागवण्याआधी जाडी पाहून घ्या.

ऑलिम्पस आणि फुजीफिल्मच्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत स्मार्टमीडिया असतं: पत्त्यासारखं पातळ, वर सोनेरी चौकोन. जास्तीत जास्त १२८ एमबी, तेही सगळे कॅमेरे घेत नाहीत. हे कार्ड कॉम्प्युटरवर फॉरमॅट कधीही करू नका, नंतर कॅमेरा ते ओळखायलाच तयार होत नाही अशी वेळ येते. २००२ पासून याच दोन कंपन्यांनी एक्सडी कार्ड आणलं. ते २ जीबीपर्यंत आलं, पण नंतरची ‘एम’ किंवा ‘एच’ खूण असलेली कार्डं आधीच्या काही कॅमेऱ्यांत चालत नाहीत. ऑलिम्पसच्या कॅमेऱ्यात पॅनोरमा काढायचा असेल, तर कार्डही ऑलिम्पसचंच लागतं. हा निव्वळ हट्ट होता, तांत्रिक कारण शोधत बसू नका.

सोनीची मेमरी स्टिक १९९८ ची. जुन्या मेमरी स्टिकची मर्यादा १२८ एमबी, आणि फक्त तीच घेणाऱ्या कॅमेऱ्यात २००३ नंतरची प्रो जातीची स्टिक चालत नाही. त्याआधीच्या सोनीच्या माविका कॅमेऱ्यांनी १९९७ मध्ये कार्डाचा प्रश्नच काढून टाकला होता: फोटो सरळ साडेतीन इंची फ्लॉपीवर. वापरायला गंमत येते, पण १.४४ एमबीच्या फ्लॉपीत काय मावणार, आणि चांगल्या फ्लॉप्या शोधणं हा स्वतंत्र उद्योग आहे. पहिला कॅमेरा म्हणून माविका घेऊ नये.

आणखी एक सावधगिरी. त्या काळात खेळण्यासारखे काही अतिस्वस्त कॅमेरे निघाले, ज्यांत कार्ड नसतंच. फोटो आतल्या तात्पुरत्या मेमरीत राहतात आणि सेल संपले की फोटोही गेले. फ्लॅश नाही, स्क्रीन नाही, नुसते आकडे दाखवणारी एक छोटी पट्टी आहे, असं दिसलं तर हा प्रकार असण्याची शक्यता धरा.

कॅमेऱ्यासोबत जुनं कार्ड आलं असेल, तर त्यावर कुणाच्या तरी घरातले फोटो असू शकतात. पाहून झाले की पुसा. ते आपले नाहीत.

४. तब्येत तपासा

भरलेले सेल आणि योग्य कार्ड घालून कॅमेरा चालू करा. लेन्स न अडखळता बाहेर यायला हवी. दातावर दात घासल्यासारखा आवाज येत असेल, तर आत वाळू गेली आहे किंवा कॅमेरा पडलेला आहे. स्क्रीनवर ‘लेन्स एरर’ किंवा कॅननच्या कॅमेऱ्यात ‘ई१८’ दिसला, तर अर्थ तोच, आणि नवख्याच्या हातून तो दुरुस्त होण्यातला नाही. सेलच्या झाकणाची खिटी हा त्या प्लॅस्टिकच्या कॅमेऱ्यांचा सगळ्यात दुबळा अवयव. चार सेलच्या स्प्रिंगा तिला सतत ढकलत असतात. ती तुटलेली असेल तर झाकण रबरबँडने बांधून काम भागतं, फक्त दर वेळी सेल बदलताना वैताग येतो.

मग एका फिकट भिंतीचा आणि लेन्स झाकून एक काळा असे दोन फोटो काढा आणि मोठ्या स्क्रीनवर पाहा. काळ्या फोटोत तीन-चार रंगीत ठिपके दिसले तर हरकत नाही. पण भिंतीचं चित्र जांभळं, आडव्या रेघांचं, वितळल्यासारखं दिसत असेल किंवा पूर्ण काळंच येत असेल, तर सेन्सर, म्हणजे आतला प्रकाश टिपणारा भाग, गेला आहे. या रोगाला इतिहास आहे. साधारण २००२ ते २००४ दरम्यान बनलेल्या सोनीच्या काही सीसीडी प्रकारच्या, म्हणजे त्या काळी सर्रास असलेल्या, सेन्सरमधल्या तारांचे जोड उष्णता आणि दमटपणामुळे निकामी होऊ लागले. ते सेन्सर अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत होते, त्यामुळे २००५ मध्ये एकामागून एक कंपन्यांना जाहीर सूचना काढाव्या लागल्या. कॅननच्या यादीत ए६०, ए७० आणि ए७५ होते. आज त्या मोफत दुरुस्तीची आशा नको. या वर्षांतला कॅमेरा घेताना त्याने नुकताच काढलेला फोटो मागा, कॅमेऱ्याचा फोटो नव्हे.

प्रखर दिव्याकडे रोखल्यावर स्क्रीनवर उभी चमकदार रेघ दिसली तर घाबरू नका. सीसीडीचा तो स्वभावच आहे आणि काढलेल्या फोटोत ती सहसा येत नाही.

५. एकदाच करायच्या गोष्टी

तारीख आणि वेळ लावा. सेल काढल्यावर तारीख लगेच पुसली जात असेल, तर आतली छोटी बॅटरी संपली आहे. काही मॉडेलमध्ये ती बटणाएवढी असते आणि बाहेरून बदलता येते. फोटोवर तारीख छापायचा पर्याय बंद ठेवा, ती फाइलमध्ये आपोआप नोंदली जाते आणि कोपऱ्यातले नारिंगी आकडे नंतर पुसता येत नाहीत. ज्यांना ते आकडेच हवेत, त्यांनी खुशाल चालू ठेवावेत.

फोटोचा आकार सर्वांत मोठा आणि दर्जा सर्वांत चांगला ठेवा. डिजिटल झूम बंद करा. फाइलींचे क्रमांक सलग पुढे चालू राहतील असा पर्याय निवडा, नाहीतर कार्ड पुसलं की पुन्हा एकपासून सुरुवात होते आणि कॉम्प्युटरवर एकाच नावाचे फोटो एकमेकांच्या उरावर बसतात. शेवटी कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

आकड्यांबाबत एक इशारा. खोक्यावरचे मेगापिक्सेल नेहमी खरे नसतात. फुजीफिल्मच्या २००० सालच्या फाइनपिक्स ४७०० मध्ये सेन्सरचे बिंदू २४ लाख होते आणि फाइल ४३ लाखांची निघायची. मधले बिंदू गणिताने भरलेले.

६. फोटो काढताना

हा कॅमेरा फोनसारखा धरून फोनसारखा टिपला की हिरमोड होतो. बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत अर्धा ते एक सेकंद जातो, कारण फोकस आणि प्रकाशाचं मोजमाप तो बटण दाबल्यावरच सुरू करतो. म्हणून बटण आधी अर्धं दाबा, हिरवा दिवा स्थिर होईपर्यंत थांबा आणि तसंच धरून ठेवा. नेमक्या क्षणी उरलेलं अर्धं दाबा. एवढी एक सवय लागली की धावणारं मूलही पकडता येतं. त्यासाठी ते जिथे पोचणार त्या जागेवर आधी फोकस करून ठेवायचा.

सेन्सर फार लहान आहे, अनेकांत जेमतेम ५.४ बाय ४ मिमी. त्यामुळे मागची पार्श्वभूमी धूसर होण्याची अपेक्षा धरू नका, जवळचं आणि लांबचं बहुतेक सगळं स्पष्टच येतं. उजेड भरपूर असेल तर तोच फायदा ठरतो. आयएसओ, म्हणजे प्रकाशाबद्दलच्या संवेदनशीलतेचा आकडा, असेल त्यातला सगळ्यात कमी ठेवा, ५० किंवा १००. ४०० ला सावल्यांमध्ये रंगीत रवा पडतो, आणि काहींना हल्ली तोच हवा असतो.

खरी कसोटी आकाशाची. आकाश एकदा पांढरंफटक झालं की त्या जेपीईजी फाइलमधून काहीही परत येत नाही. एक्स्पोजर भरपाईचा, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करण्याचा, पर्याय असेल, तर उन्हात उणे ०.३ किंवा उणे ०.७ वर ठेवा. सावल्या थोड्या गडद येतील, त्या नंतर उजळता येतात. मागच्या स्क्रीनवर विसंबून प्रकाश ठरवू नका. तिच्यावर जेमतेम लाखभर बिंदू असतात आणि उन्हात तर काहीच दिसत नाही.

उन्हात वरचं डोळा लावून पाहायचं काचेचं छिद्र (व्ह्यूफाइंडर) वापरा आणि स्क्रीन बंद ठेवा, सेलही वाचतील. त्या छिद्रातून फोटोचा साधारण ८० टक्केच भाग दिसतो. म्हणजे वाटलं त्यापेक्षा कडेने जास्तच येतं. फूल किंवा नाणं अगदी जवळून टिपताना मात्र स्क्रीनच वापरा. छिद्र लेन्सपासून बाजूला असल्यामुळे जवळच्या वस्तू त्यात सरकलेल्या दिसतात.

फ्लॅशची धाव सुमारे ३ मीटर, झूम केलं की त्याहून कमी. रंगमंच, डोंगर, रात्रीचं शहर यांवर तो वाया जातो. उलट भर दुपारी, टोपीखालच्या किंवा सूर्याकडे पाठ केलेल्या चेहऱ्यासाठी तो मुद्दाम चालू करा. या कॅमेऱ्यांचे सगळ्यात देखणे फोटो मला तिथेच दिसतात.

‘सीसीडीचे रंग काही औरच’ असं हल्ली फार ऐकू येतं. सेन्सर फक्त प्रकाश मोजतो. रंग ठरतात ते त्याच्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या गाळण्यांमुळे आणि कंपनीने आत लिहिलेल्या गणितामुळे. त्यात समोरून थेट आदळणारा फ्लॅश आला की तो ओळखीचा जुना बाज तयार होतो. रंग आवडत असतील तर मॉडेलवर प्रेम करा, सीसीडी या अक्षरांसाठी जास्त पैसे देऊ नका.

७. फोटो बाहेर काढणे

केबल आणि कॅमेऱ्यासोबतची सीडी विसरा आणि कार्ड रीडर घ्या. जुन्या कॅमेऱ्यांचे ड्रायव्हर, म्हणजे कॅमेरा ओळखण्यासाठी लागणारे प्रोग्राम, आजच्या कॉम्प्युटरवर बहुधा चढत नाहीत, कार्ड रीडरला मात्र कॅमेरा कुठल्या सालचा आहे याच्याशी देणंघेणं नसतं. योग्य जोडणी असेल तर तो फोनलाही लावता येतो. फक्त आपल्याच जातीचं कार्ड तो घेतो ना, ते पाहा. एक्सडी, स्मार्टमीडिया आणि जुन्या मेमरी स्टिकची खाच हल्लीच्या अनेक रीडरमध्ये नसते. रीडर मिळालाच नाही, तर मात्र केबल शोधावी लागेल. २००२-०३ नंतरचे बरेच कॅमेरे यूएसबीने जोडल्यावर ड्रायव्हरशिवायही ओळखले जातात.

कार्डावर डीसीआयएम नावाचा फोल्डर दिसेल, १९९८ च्या सामाईक नियमामुळे सगळ्या कंपन्यांचे फोटो त्याच्यातच सापडतात. फोटो आधी कॉपी करा, उघडून पाहा, मग कॅमेऱ्यात कार्ड पुसा. ‘मूव्ह’ करू नका.

छापायचं असेल तर: दोन मेगापिक्सेलचा फोटो १६०० बाय १२०० बिंदूंचा असतो आणि ४ बाय ६ इंचाच्या कागदावर छान उतरतो. ८ बाय ६ पर्यंतही चालतो. पण या कॅमेऱ्यांची चौकट ४:३ ची आणि ४ बाय ६ चा कागद ३:२ चा, त्यामुळे वरून-खालून थोडं कापलं जातं. माणसांचे फोटो काढतानाच डोक्यावर थोडी जागा सोडा.

८. ठेवताना

आठवड्याहून जास्त वापरणार नसाल, तर सेल बाहेर काढा. कॅमेरा कातडी कव्हरमध्ये कोंडू नका, ते ओल धरतं आणि लेन्सवर बुरशी चढते. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि महिन्यातून एकदा सेल घालून लेन्स आत-बाहेर करा, चारदोन फोटो फ्लॅशसकट काढा. फ्लॅश फार दिवसांनी वापरत असाल, तर पहिल्या वेळी चार्ज व्हायला तो जास्त वेळ घेतो. लगेच सेल बदलायला धावू नका, दोन-तीन वेळा चमकू द्या.